पाहुणा अंगठा

बँकेच्या संगणक विभागात आपला मुलगा दिवसभर नेमके काय करतो, हे महिपती घरतच्या आईला सहा वर्षांत एकदाही नीट उमगले नव्हते, आणि महिपतीनेही दोन-तीन वेळा समजावून पाहून तो नाद सोडून दिला होता. पेणच्या एस.टी. स्थानकापासून हाकेच्या अंतरावर, शाखेच्या वरच्या मजल्यावर, तीन टेबले आणि एक काचेचे दार एवढाच त्या विभागाचा पसारा होता. काचेच्या दाराआडच्या गार खोलीत यंत्रे अखंड गुणगुणत असत. तिथे शिरताना चपला बाहेर काढाव्या लागत, म्हणून खालच्या मजल्यावरचे लोक त्या खोलीला गाभारा म्हणत. सकाळचा पहिला फोन बहुधा पासवर्ड विसरलेल्या कोणा कारकुनाचा असे, दुसरा कागद अडकलेल्या प्रिंटरचा, आणि त्यानंतर कुठल्या तरी शाखेतून संगणक मेल्याची वार्ता येई. तेव्हा महिपती अतिशय आदराने विचारी, की मागची वायर बसलेली आहे का, जरा पाहता का. वायर निघालेली असे. समोरचा माणूस "झालं चालू" एवढेच म्हणून फोन ठेवून देई, आणि महिपती आपल्या लांबट वहीत वेळ, शाखा आणि कारण अशी नोंद करी.

त्या वहीची पोपटरावांना फार मौज वाटे. पोपटराव विभागातले मदतनीस, महिपतीपेक्षा वीस वर्षांनी वडील. यंत्र उघडण्याआधी त्याला हात जोडणारे आणि उघडल्यावर त्याला शिव्या घालणारे.

"साहेब," ते म्हणत, "चित्रगुप्ताची वही हरवली तर तो तुमच्याकडेच मागायला येईल."

महिपती हसे आणि तेही बहुधा वेळेसकट लिहून ठेवी, असे पोपटराव खाली सांगत.

त्या वर्षी चैत्रात वरून हुकूम आला, की गावोगावच्या बचत गटांतल्या बायकांचे अंगठे यंत्रात नोंदवून घ्यावेत, म्हणजे सहीसाठी त्यांना शाखेपर्यंत यावे लागणार नाही. त्याप्रमाणे एका मंगळवारी महिपती आणि पोपटराव हातात मावेल एवढे ते यंत्र घेऊन हमरापूरला, एका गटातल्या बायका जिथे कामाला होत्या त्या दाजींच्या मूर्तींच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड. तिच्यात रंग न चढलेले शेकडो पांढरे गणपती एकाच दिशेला तोंड करून बसलेले, आणि त्यांच्या रांगांमधून जमिनीवर बसून बायका घासकाम करीत होत्या. साच्यातून निघालेल्या मूर्तीवरचा खरखरीतपणा पॉलिश पेपरने घासून घालवायचा, आणि घासून झालेली जागा अंगठ्याने चाचपून पाहायची, असे ते काम. प्लास्टरचा भुगा त्यांच्या भुवयांवरसुद्धा बसलेला होता.

गट दहा जणींचा होता. अंगठा ओल्या फडक्याने पुसून, पुन्हा पुसून, काचेवर दाबून, नऊ जणींचे ठसे कसेबसे उमटले. दहावी चंद्रावती. पन्नाशीची, शिडशिडीत, बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे न पाहता त्याच्या हातांकडे पाहणारी. तिने अंगठा ठेवला तेव्हा पडद्यावर नुसता राखी रंगाचा लंबगोल उमटला. त्यात एकही रेघ नव्हती. महिपतीने तिचा अंगठा स्वतः पाहिला. बत्तीस वर्षांच्या घासकामाने तो मूर्तीच्या पोटासारखा गुळगुळीत होऊन गेला होता.

"तुझ्यापायी आमचा गट बुडनार गो," शेजारची सीताबाई म्हणाली. "तरी सांगत व्हते, पेपर जरा हलक्या हातानं धर."

"हलक्या हातानं धरला तर दाजी मला हलक्यानं धरील काय?" चंद्रावती म्हणाली, आणि बायका हसल्या.

हसण्यावारी नेले, तरी गोष्ट खरी होती. दहांपैकी एक अंगठा कमी पडला तर यंत्र अख्खा गट परत करी. अशा बाईसाठी वेगळा अर्ज होता. त्याला फोटो लागे, तीन अधिकाऱ्यांच्या सह्या लागत आणि मंजुरीला महिना लागे. पोपटरावांनी महिपतीला बाजूला घेतले.

"साहेब, पाहुणा घाला."

पाहुणा अंगठा हा विभागातला जुना रिवाज होता. यंत्र अडून बसले की नोंदवणाऱ्याने आपला अंगठा ठेवून फॉर्म पुढे ढकलायचा, वेगळा अर्ज मंजूर झाला की पाहुणा काढून टाकायचा. सगळे करीत, कोणी बोलत नसे. महिपतीने आजवर कधी केले नव्हते. तो थोडा वेळ त्या राखी लंबगोलाकडे पाहत राहिला, मग त्याने आपला उजवा अंगठा काचेवर ठेवला. यंत्राने हिरवा दिवा दाखवला आणि पडद्यावर अक्षरे आली, की चंद्रावतीची नोंद पूर्ण झाली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वादहाच्या सुमारास, नागोठण्याच्या शाखेशी फोनवर बोलत असताना, महिपतीच्या उजव्या अंगठ्याला काहीतरी खरखरीत लागले. त्याने हाताकडे पाहिले. अंगठा फोनच्या गुळगुळीत पाठीवर टेकलेला होता. खरखर मात्र चालूच राहिली. तिला एक लय होती. दहा-बारा वेळा खाली-वर, मग एक सावकाश चाचपणी. चाचपताना अंगठ्याखाली एक गोलाई येई, तिच्यावरून तो उतरे, एका घडीत अडे, तिथून पुन्हा वर चढे. वेदना नव्हती. फोन ठेवल्यावर त्याने हात धुतला, टॉवेलने पुसला, आणि वहीचे शेवटचे पान उघडून वेळ लिहिली.

तीन दिवसांत त्या पानावर बऱ्याच वेळा जमल्या. दहाच्या पुढे सुरू, एक वाजता बंद, एक चाळीसला पुन्हा सुरू, सहाला बंद. हाताची एखादी नस दबली असेल, असे त्याने स्वतःला सांगून पाहिले. पण नस जेवणाची सुट्टी घेत नाही, हे त्याला कळत होते. शुक्रवारी त्याने दाजींना फोन लावला आणि नोंदणीच्या पावत्या द्यायला कधी यावे असे विचारता विचारता कामाच्या वेळाही विचारल्या.

"धा ते सा," दाजी म्हणाले. "मधी येक ते येक चाळीस जेवन. त्या येळात नका येऊ, बाया पावतीपेक्षा भाकरीकडं बघतील."

शनिवारी दुपारी तो एकटाच पावत्या घेऊन गेला. बायकांना त्या वाटून झाल्या, चंद्रावतीची तेवढी हातात राहिली. ती एका मोठ्या मूर्तीच्या कानापाशी बसली होती. तिचा अंगठा त्या कानाच्या पाळीवरून जसा सरकला, तशी महिपतीच्या अंगठ्याखालून एक पातळ, वळलेली कड सरकत गेली. त्याने हात खिशात घातला. कड खिशातही सरकत राहिली.

चंद्रावतीने काम थांबवले आणि वर पाहिले.

"सायब, पोरीचा ताप उतारला का?"

महिपतीची चार वर्षांची मुलगी जनी बुधवारपासून तापाने निजून होती. ही गोष्ट त्याने पोपटरावांनाही सांगितली नव्हती.

"तुम्हाला कोणी सांगितलं, मावशी?"

"कोन सांगनार? परवा सांजच्याला कपाळ निस्तं भट्टी झालं व्हतं. काल जरा निवलं." ती हळू आवाजात, रोजच्या बोलण्याइतक्याच सहजपणे सांगत होती. "डाव्या भुवईवर खपली हाय ना, पडल्याली? ती नका काढू तुमी. काल नखानं उचलत व्हता."

"चंद्रावती, सायबाला पानी तरी दे गो आदी," सीताबाई पलीकडून म्हणाली, "मंग पोराबाळांचं इचार."

चंद्रावती पाण्यासाठी उठली नाही. तिने आपला अंगठा समोर धरला आणि तो दुसऱ्या कोणाचा असावा तसा निरखला. "धा वर्सं ह्यो मेला व्हता, सायब. च्याचा पेला भाजला तरी सालटं निघाल्यावर कळायचं. आता समदं कळतं. तुमची ती बटनं कळतात, यष्टीची दांडी कळते. आनि सांजच्याला ती झोपते, तवा तिचं कपाळ." तिने अंगठा तर्जनीवर हलकेच फिरवला. "केस लय बारीक हायेत तिचे. म्होरचे."

महिपती आपल्या नेहमीच्या, शाखांशी बोलायच्या स्वरात म्हणाला, "मावशी, ती नोंद तात्पुरती होती. काढावी लागेल."

"कवा?"

"लवकरच. महिनाअखेरच्या आत."

"राहू द्या ना. तुमचं काय खाते ती?"

"नियम आहे."

ती मूर्तीकडे वळली. पॉलिश पेपर उचलला, पण घासायला लागली नाही. "नियम हाय तर काढा," ती म्हणाली. "पन त्याच्या आदी येकदा पोरीला नीट झोपवा. घाईघाई नको. तेवढंच."

पावती तिच्या मांडीवर ठेवून महिपती निघाला. सीताबाई फाटकापर्यंत सोडायला आली, आणि चंद्रावतीला मूलबाळ नाही, नवराही धरमतरच्या खाडीतल्या बार्जवर कामाला गेला तो परत आला नाही, हे तिने न विचारताच सांगितले.

त्या दिवसापासून महिपतीने उजवा अंगठा मुठीत धरायला सुरुवात केली. घरात शिरण्याआधी जिन्यातच तो मूठ वळी. जेवताना तेवढी उघडी, जेवण झाले की पुन्हा वळी. त्याची बायको शांती हिने पहिल्याच संध्याकाळी विचारले, की हाताला काही लागले आहे का, आणि तो म्हणाला, की टायपिंगने दुखतो आहे. यात खोटे थोडे होते, तरी ते त्याला जड गेले. जनीला झोपवताना तो डावा हात वापरू लागला. जनी डोळे मिटून पडे, मग एक डोळा उघडी.

"हा नको. तो."

"तो दुखतो आहे, बाळा."

"मग मी त्याला फुंकर घालते."

तिने त्याची मूठ धरली आणि बोटांच्या फटीतून फुंकर घातली. ती ऊबदार, ओलसर फुंकर अंगठ्याला लागली, आणि त्याच क्षणी, सहा मैलांवर एक बाई हातातले काम टाकून स्तब्ध बसली असेल, हे त्याच्या मनात आले. त्याने मूठ सोडवून घेतली. जरा जास्तच झटक्याने. जनी रडली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली. महिपती बराच वेळ तिथेच बसून होता. नोकरीचे काय होईल याची काळजी त्याला होतीच. दोन नावांवर एक अंगठा सापडला तर निलंबन होईल असे परिपत्रक त्याच आठवड्यात आले होते. पण आता ती काळजी मागे पडली होती. आपल्या मुलीच्या कपाळावर आपला हात आपला एकट्याचा असावा, एवढेच त्याला हवे होते, आणि त्यासाठी थांबायची त्याची तयारी नव्हती.

चंद्रावतीचा वेगळा अर्ज त्याने सोमवारी स्वतः भरला, तीन सह्यांसाठी तीन टेबलांपुढे स्वतः उभा राहिला, आणि जी मंजुरी महिन्याने मिळायची ती गुरुवारी मिळवली. मग तो चपला काढून गार खोलीत गेला. पडद्यावर एका ठशाखाली दोन नावे आली: हजेरीसाठी आधीच नोंदलेले महिपती घरत, आणि तिच्या पूर्ण नावासह चंद्रावती. एका अंगठ्याला एकच माणूस असू शकतो, असे यंत्राने कळवले आणि कोणती नोंद ठेवायची ते विचारले. महिपतीने दोन्ही नावे तीनदा वाचली, आपल्या नावापुढे खूण केली आणि मान्य केले.

काहीच झाले नाही. अंगठ्याखाली प्लास्टर सरकत राहिले.

"रोह्याला जुळी प्रत आहे ना, साहेब," पोपटराव दारातून म्हणाले. पेणला काही बुडाले-जळाले तर हाताशी असावी म्हणून इथल्या प्रत्येक नोंदीची एक प्रत रोह्याच्या शाखेत ठेवलेली असे. "तिथली काढल्याशिवाय इथली सुटत नाय. भाऊबंदकीचं काम आहे, दोघांच्या सह्या लागतात."

शुक्रवारी सकाळच्या गाडीने महिपती रोह्याला गेला. डबा निम्मा रिकामा होता. कासू गेले, नागोठणे गेले. त्याने उजवा हात गुडघ्यावर उताणा ठेवला होता, आणि त्या उघड्या हाताच्या अंगठ्याखाली एक सोंड घडत होती, मुळाशी रुंद, पुढे निमुळती, डावीकडे वळत जाणारी. चंद्रावती आज फार सावकाश काम करीत होती. एका जागी ती थांबली, आणि महिपतीच्या अंगठ्यावर हलकासा दाब आला. दुसऱ्या कोणी आपला अंगठा बोटांत धरावा तसा. तिने डाव्या हाताने आपलाच अंगठा धरला असावा. नागोठण्यापासून रोह्यापर्यंत तो दाब तसाच राहिला.

शाखेच्या मागच्या खोलीत, कपाटाएवढ्या जागेत, जुळी प्रत ठेवलेले यंत्र होते. शाखेचा शिपाई खुर्ची पुसून गेला. पडद्यावर तीच दोन नावे, तोच प्रश्न. महिपतीने पुन्हा तीनदा वाचले, आपल्या नावापुढे खूण केली, आणि खूण आपल्याच नावापुढे आहे हे बोट ठेवून पाहिले. इथे आणखी एक पायरी होती. कायम करण्यासाठी अंगठा काचेवर ठेवावा, असे यंत्राने सुचवले. त्याने ठेवला. अंगठ्यावरचा दाब किंचित वाढला. मग एकाएकी काहीच उरले नाही, आणि अंगठ्याला काचेचा थंडपणा लागला.

नोंद काढली, असे पडद्यावर आले. कोणाची, ते यंत्राने लिहिले नव्हते. तशी सोय त्यात नव्हती.

परतीच्या गाडीत त्याने खिडकीची सळई, तिकिटाची कड, वहीचा पुठ्ठा, सगळे एकेक चाचपून पाहिले. सळई सळईसारखी लागत होती. शनिवारी हजेरीच्या यंत्राने त्याचा अंगठा पहिल्या फटक्यात घेतला आणि त्याचे नाव दाखवले. त्याने ते उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचले. दुपारी पोपटराव चंद्रावतीचे नवे कार्ड देऊन हमरापूरहून परतले.

"काही म्हणाल्या का त्या?" महिपतीने विचारले.

"काय म्हणणार? कार्ड घेतलं. काम करत नव्हत्या आज, नुसत्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, बरं नाय का? तर म्हणाल्या, बरी हाय, पण ह्या हाताला आता पॉलिश पेपर लावायचा नाय. दाजी बोंबलत होते." पोपटरावांनी खुर्चीत अंग टाकले. "अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती. मऊ, धुतलेली. लागलंय का म्हटलं, तर हसल्या."

महिपतीने वहीत कार्ड पोहोचल्याची नोंद केली.

रविवारी दुपारी जेवणे आटोपली. शांती आणि आई बाहेरच्या खोलीत शेंगा सोलीत बसल्या होत्या आणि त्यांच्या बोलण्याचा आवाज मधून मधून आत येत होता. जनी चटईवर आडवी झाली होती. ताप पार गेला होता, भुवईवरची खपली आपोआप गळून तिथे गुलाबी कातडी आली होती. महिपती तिच्याशेजारी मांडी घालून बसला. त्याला कसलीही घाई नव्हती. त्याने उजव्या हाताची मूठ उघडली आणि अंगठा तिच्या दोन भुवयांच्या मध्ये ठेवला.

सगळे लागत होते. कपाळाची ऊब, त्यावर आलेला बारीक घाम, पुढच्या केसांची ती मऊ, विरळ लव. त्याने अंगठा हळूहळू वर नेला, पुन्हा खाली आणला. दोन आठवडे छातीत धरून ठेवलेले काहीतरी सैल झाले, आणि त्याचे डोळे भरून आले. आता इथे फक्त तो होता आणि त्याची मुलगी होती. त्याने पुन्हा अंगठा वर नेला, सावकाश, अगदी सावकाश.

जनीने डोळे मिटलेलेच ठेवले. अंगठा कपाळावरून फिरत असतानाच ती थोडी चुळबुळली, वाट पाहून कंटाळल्यासारखी.

"बाबा," ती म्हणाली, "हात ठेव ना आता."